गाव निवडायचं की त्रास?

मुंबई-ठाण्याकडची माणसं कोकणात जागा बघायला जातात ती बहुतेक डिसेंबर-जानेवारीत. हवा कोरडी असते, आंब्याला मोहोर धरलेला असतो, पऱ्ह्यात घोटाभर पाणी असतं आणि दलालाची गाडी थेट प्लॉटपर्यंत जाते. ज्या प्रदेशात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडतो, तिथली जागा या दिवसांत आपलं खरं रूप दाखवत नाही. व्यवहार मात्र याच दिवसांत ठरतात.

पुढचा संवाद डोंबिवलीतल्या एका जोडप्याचा आहे. जोडपं काल्पनिक आहे, प्रश्न मात्र आज अनेक घरांत चालू आहे. तो मूळचा साताऱ्याकडचा, पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. ती मुंबईतल्या एका रुग्णालयात परिचारिका होती, निवृत्त होताना सिस्टर इन्चार्ज. माहेर चिपळूणचं. चिपळूणला जायचा हट्ट तिने धरावा अशी कुणाचीही अपेक्षा असेल. इथे तो हट्ट त्याचा आहे.

तो : जी गावं आपण एकमताने खोडली ती आधी बाजूला ठेवू. आंबोली गेली. वर्षाला सात हजार मिलिमीटर पाऊस झेलायची आपली तयारी नाही.

ती : आकडा नसता तरी मी खोडली असती. धुकं उंबरा ओलांडून घरात येतं, कपडे आठवडाभर वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते. तुमची छाती मला ठाऊक आहे.

तो : किनाराही गेला. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं आणि दापोली-मंडणगडपर्यंतच्या बागा आडव्या करून गेलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. माडाच्या सावलीत घर घ्यायचं वय गेलं आपलं.

ती : दापोलीवर माझा जीव होता हो. पठारावरचं गाव, कृषी विद्यापीठामुळे बाहेरच्या माणसांची सवय असलेलं. पण रेल्वेसाठी घाट उतरून खेडला यायचं, आणि खेडच्या बाजारात जगबुडी कधी शिरेल याचा नेम नाही.

तो : सावंतवाडी?

ती : गाव देखणं. मोती तलाव, राजवाडा, चितारआळीतली लाकडी खेळणी. पण मोठं दुखणं आलं की तिकडची माणसं वर्षानुवर्षं गोव्यात बांबोळीला धावत आली. आता ओरोसला वैद्यकीय महाविद्यालय झालंय, तरी मुलगा इथून रात्री निघाला तर उजाडल्यावरच पोचायचा. तेव्हा उरलं माझं देवरुख आणि तुमचं चिपळूण.

तो : माहेर तुझं, आणि गाव माझं म्हणतेस!

ती : माहेर आहे म्हणूनच म्हणते.

तो : मग ऐक तरी. कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या तिथे थांबतात. कुंभार्ली घाट चढला की कराड, म्हणजे माझं साताऱ्याचं घरही हाताशी. बाजारपेठ अशी की खिळ्यापासून खतापर्यंत सगळं मिळतं. डॉक्टर आहेत. १८६४ सालचं वाचनालय आहे. २०१३ला साहित्य संमेलन भरवलं त्या गावाने. निवृत्त माणसाला आणखी काय लागतं?

ती : वाचनालयाचं नाव काढलंत ते बरं झालं. २००५च्या पुरात तिथली पुस्तकं भिजली, २०२१च्या पुरात पुन्हा भिजली.

तो : आणि दोन्ही वेळा वाचनालय उभं राहिलं.

ती : संस्था उभी राहते, कारण तिथे विशीतली पोरं येतात हातात फावडी घेऊन. आपल्या घरातला चिखल कोण काढणार? लोक विचारतात, पाणी किती चढलं होतं. पाणी काय, चढतं तसं उतरतं. मागे राहतो तो गाळ. ओला आहे तोवर खरवडायचा, नाहीतर सुकून धोंडा होतो. गाद्या, तांदळाचा डबा, लग्नातली साडी, फ्रीज, सगळं एकाच रंगाचं होऊन रस्त्यावर पडलेलं. तलाठी येऊन पंचनामा करेपर्यंत ते हलवायचं नाही आणि वास तर सहन होत नाही. नळाला पाणी नाही, वीज नाही. मग दहा-पंधरा दिवसांनी तापाची साथ, त्यात लेप्टोची धास्ती. माझ्या भावाने हे दोनदा केलं. दुसऱ्या वेळी तो साठीला आला होता.

तो : हे सगळं कबूल. पण पुराची एक गोष्ट मला पटते, तो मोजता येतो. पूररेषा म्हणजे काय? पंचवीस वर्षांतून एकदा येणारं पाणी जिथवर पोचेल ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारं पोचेल ती लाल रेषा. निळीच्या आत बांधायचंच नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधलंत तर जोतं लालच्या वर हवं. आपण सरळ लाल रेषेच्या बाहेर, उंचावर घर बघायचं. गावात भिंतींवर दोन्ही पुरांच्या खुणा आहेत. रेषेवर विश्वास नसेल तर खुणा मोजू.

ती : शंभर वर्षांतून एकदा म्हणता, आणि माझ्या डोळ्यांदेखत सोळा वर्षांत दोन महापूर आले.

तो : शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. लागोपाठच्या दोन वर्षांतही तसा पूर येऊ शकतो. शिवाय ती रेषा जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढतात, आणि पाऊस आता जुन्यासारखा पडत नाही. म्हणून तर मी रेषेला चिकटून घर घ्यायचं म्हणत नाही.

ती : बरं, वाशिष्ठीचं तुमचं गणित तरी काय?

तो : नदी आखूड आहे. सह्याद्रीत उगम, दाभोळला समुद्र. डोंगरात कोसळलेला पाऊस काही तासांत शहरात येतो. दुसरं म्हणजे कोयनेचं पाणी. धरण घाटावर, पण वीज तयार करून झाल्यावर ते पाणी पोफळी-कोळकेवाडीकडून वाशिष्ठीत उतरतं. वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं पश्चिमेला वळवायची मुभा आहे. तिसरी भरती. गोवळकोटपर्यंत खाडी आहे, जुनं बंदरच ते. उधाणाची भरती आणि घाटातला पाऊस एकाच वेळी आले तर पाण्याला पुढे जायला जागा उरत नाही, ते बाजारपेठेत पसरतं. पण या तिन्ही गोष्टी आधी कळतात. भरतीच्या वेळा वर्षभराच्या छापलेल्या मिळतात. पावसाचा रेड अलर्ट आधी येतो. विसर्ग कळवला जातो. पूर म्हणजे नोटीस देऊन येणारा पाहुणा.

ती : २१ जुलै २०२१च्या रात्री तुमची नोटीस कुणाला मिळाली? माणसं झोपेत होती. जाग आली तेव्हा अंगणात पाणी, उजाडेपर्यंत बाजारात पुरुषभर. वीज गेली, मग मोबाइल मुके झाले. ज्यांना माडी होती ते माडीवर बसले, नव्हती ते कौलांवर. आणि पाणी कोळकेवाडीतून किती सोडलं, कधी सोडलं, यावरून लोक नंतरही भांडत राहिले. मोजता येतं ते सगळं वेळेवर कळतं असं नाही. तुम्ही खात्यात होतात, तुम्हाला हे मी सांगायला नको.

तो : ते बरोबर. पण त्या पुरानंतर लोकांनी आंदोलन केलं, नदीतला गाळ मोठ्या प्रमाणावर उपसला गेला. गाव काहीच शिकलं नाही असं नाही.

ती : गाळ डोंगरातून दर वर्षी येतो. उपसायचा उत्साह दर वर्षी येईल का?

तो : आता तुझ्या देवरुखाचं बघू. चिपळूण बुडालं त्याच दिवशी, २२ जुलैला, महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. खेड तालुक्यात पोसरे. दोन वर्षांनी १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडी. नदी निदान पायरी-पायरीने चढते. डोंगर झोपेत येतो.

ती : देवरुख म्हणजे तळिये नव्हे. तालुक्याचं गाव आहे, उंचावर ऐसपैस वसलेलं. खाली संगमेश्वरच्या बाजारात शास्त्री आणि सोनवीचं पाणी भरतं, तेव्हा वर देवरुखात दुकानं उघडी असतात. आणि जुन्या माणसांनी घरं कुठे बांधली ते बघा. खाली मळ्यात भात, वर सड्यावर गवत, मधल्या टप्प्यावर घर. पऱ्ह्या सोडून, कड्यापासून लांब. पश्चिमेच्या पडवीला झडीसाठी झावळ्यांचा आडोसा. चिऱ्याची भिंत, उतरतं कौल, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून दूर पडेल इतकं पुढे काढलेलं.

तो : ते घर तुला मिळणार आहे का? त्या घराच्या सातबाऱ्यावर सतरा नावं असतात. अर्धे वारस मुंबईत, एक परदेशात, आणि सह्या एकाच्याही मिळत नाहीत. तुला मिळणार तो प्लॉट. जेसीबी लावून डोंगराचा पाय कापलेला, कापलेली माती उताराच्या कडेला लोटून सपाट केलेला, पऱ्ह्या पाइपात घातलेला, आणि पाठीमागे काँक्रीटची भिंत, जिच्यात पाणी निघायला भोकंसुद्धा नाहीत. लाल माती दिवसेंदिवस पाणी पिते, जड होते, खालच्या खडकावर पाणी साचून मातीची पकड सुटते. मग एखाद्या संततधारेच्या रात्री ती खाली येते. जाहिरातीत मात्र त्याला डोंगरउतारावरचं स्वप्नातलं घर म्हणतात.

ती : हे मात्र खरं. तसल्या प्लॉटवर मी पाय ठेवणार नाही. कापलेला डोंगर नको आणि बुजवलेला पऱ्ह्या नको, लिहून ठेवा.

तो : लिहितो. आणि भरावाची जमीनही नको. देवरुखाबाबत दुसरी गोष्ट, मे महिना. एवढा पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात एप्रिल-मे आला की वाड्यांवर टँकर फिरतात. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, पाणी मुरतं तेही पुढे झऱ्यांतून निघून जातं. जूनमध्ये छपरावरून धो-धो वाहतं आणि मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो.

ती : त्यात देवरुखाचा काय दोष? चिपळूण तालुक्यातल्या वाड्यांवरही टँकर जातात. विहीर मी मेमध्येच बघेन. आणि शेजारणीला विचारेन, कारण जमीन विकणाऱ्याची विहीर कधी आटत नसते.

तो : आता शेवटचं. तू सिस्टर होतीस म्हणून विचारतो. जुलै महिना, रात्रीचे दोन, माझ्या छातीत कळ आली. देवरुखात काय करशील?

ती : या प्रश्नाची वाटच बघत होते. देवरुखाची ओढ मला कशाने लागली माहीत आहे? मावशी हळब्यांमुळे. १९५४ साली त्या बाईंनी तिथे मातृमंदिर उभं केलं, छोट्याशा प्रसूतिगृहापासून सुरुवात. आमच्या पिढीच्या नर्सेसना ते नाव ठाऊक होतं. अशा गावात आपलाही काही उपयोग होईल, असं मनात होतं. पण तुमच्या प्रश्नाला हे उत्तर नाही. हृदयाचा झटका असेल तर रत्नागिरी गाठायची, नाहीतर डेरवण. पावसात तासाभरापेक्षा जास्तच. कोल्हापूर म्हणाल तर मध्ये आंबा घाट, आणि २०२१ला तोही खचला होता. खोटं कशाला बोलू, त्या एका तासाची भीती मला आहे.

तो : मग चिपळूणच.

ती : थांबा. त्याच पुरात चिपळूणमधल्या एका कोविड रुग्णालयात पाणी शिरलं. वीज गेली आणि आत असलेले रुग्ण दगावले. मी ती बातमी वाचली तेव्हा दोन रात्री झोपले नव्हते, कारण जनरेटर तळाला ठेवलेली रुग्णालयं मी आयुष्यभर बघितलीत. तुमची लाल रेषा तुमचं घर वाचवेल. ज्या दवाखान्याच्या भरवशावर तुम्ही चिपळूण म्हणताय, तो रेषेच्या आत असेल तर? मेडिकलचं दुकान आत असेल तर? तुम्ही उंचावर कोरडे बसाल, आणि खाली ज्या गावासाठी आलात ते गाव पाण्यात.

तो : हं. म्हणजे घराची रेषा बघून भागत नाही.

ती : नाही. वाटेची रेषा बघायला हवी. घरापासून डॉक्टरपर्यंत किती पूल, किती घाट, कोणती नदी ओलांडायची.

तो : हे आधी सुचायला हवं होतं. जलवाहिनी टाकताना आम्ही हेच बघायचो, पाणी कुठून येतं त्यापेक्षा वाटेत कुठे तुटेल. थांब, नकाशा आण. चिपळूण शहर वाशिष्ठीच्या दक्षिणेला. उत्तरेकडून मुंबईचा रस्ता, त्यावर नदीचा पूल आणि पुढे परशुराम घाट. चौपदरीकरणाच्या कामात पावसाळ्यात तिथे दरडी येऊन वाहतूक किती वेळा थांबली! म्हणजे मुंबईकडची मदत पावसात भरवशाची नाही. पण कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय शहराबाहेर दक्षिणेला, आणि डेरवणचं वालावलकर रुग्णालय त्याच्याही दक्षिणेला. आपण शहराच्या दक्षिण बाजूला, उंचावर राहिलो तर दोन्हीकडे जाताना वाशिष्ठी ओलांडायची नाही.

ती : मग शहराच्या कडेला तरी कशाला? तसेच पुढे सरका. डेरवणाजवळ सावर्डे आहे.

तो : सावर्डे? ते कुठे यादीत होतं?

ती : यादी आपण नावाजलेल्या गावांची केली. सावर्ड्याला रेल्वेचं स्थानक आहे, महामार्ग आहे, रोजच्या गरजेपुरती बाजारपेठ आहे. मोठी शिक्षण संस्था आहे, चित्रकलेचं महाविद्यालय आहे, म्हणजे गावात तरुण पोरं दिसतात. देवरुखाचा तो एक तास नको आणि चिपळूणचा चिखलही नको. मोठ्या खरेदीला चिपळूण जवळ. आणि रात्री दोन वाजता तुमच्या छातीत कळ आली तर मला घाट चढायचा नाही.

तो : पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. वाचनालय चिपळूणला राहिलं. माझ्या वयाच्या माणसाला गप्पांना कट्टा लागतो.

ती : तोच तर मुद्दा. कोकणात बिनत्रासाचं गाव नाही. नदीकाठी पूर, डोंगराखाली दरड, किनाऱ्यावर वादळ, सड्यावर तहान, आणि या सगळ्यांपासून लांब जावं तर डॉक्टरही लांब. गाव निवडतोय असं आपण म्हणतो, खरं तर आपल्याला कोणता त्रास सोसवेल ते निवडतोय. गप्पांची उणीव मला सोसवेल. तुम्हाला सोसवेल का, ते तुम्ही बघा.

तो : मला नाही सोसवायची. मी स्पष्ट सांगतो. माणूस पुराने एकदा मरतो, एकटेपणाने रोज. चिपळूणची माणसं दोन महापूर बघूनही तिथेच राहिली, ती काही वेडी नाहीत. दुकान बुडालं तर शेजारचा उसना माल देतो, माडी नसलेल्याला शेजारी माडीवर घेतो. असा शेजार तयार व्हायला पिढ्या लागतात. सावर्ड्याला आपण परके.

ती : तो शेजार माझ्या भावाला मिळाला, कारण तो तिथे जन्मला. तुम्ही चिपळूणलाही परकेच असाल. माझ्या माहेराच्या नावावर एक वर्ष चहा मिळेल, पुढे तुमचं तुम्हालाच बघायचंय.

तो : म्हणजे अजून ठरत नाहीये.

ती : ठरू नयेच इतक्यात. सावर्डे आणि डेरवण यांच्यामध्ये कोणता ओढा आहे, कोणता पूल पाण्याखाली जातो, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. नकाशात पूल दिसतो, त्याची उंची दिसत नाही. जुलैत जाऊन बघू.

तो : जुलैत रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू धावतात.

ती : मग हळू जाऊ. आपल्याला तिथे पावसाळेच काढायचेत ना? आणि यंदा विकत काही घ्यायचं नाही. एक पावसाळा भाड्याने राहायचं. आगोटीला गावाबरोबर बेगमी भरायची, श्रावणात घरात ओल किती चढते ते बघायचं, वीज गेली की किती वेळाने येते ते वहीत लिहायचं. पुढच्या मेमध्ये विहीर.

तो : भाड्यात पैसे घालवायचे आणि तोवर जमिनीचे भाव वाढायचे.

ती : वाढू देत. गुंठ्यामागे पन्नास हजार जास्त गेले तरी चालतील. चुकीच्या उतारावर स्वस्तात मिळालेली जागा विकायला पुन्हा आपल्यासारखंच एखादं जोडपं जानेवारीत गाठावं लागेल. ते माझ्याच्याने व्हायचं नाही.

तो : बरं. भाडं कबूल. पण घर बघताना चिपळूणच्या दक्षिणेचा उंच भागही बघायचा, फक्त सावर्डे नाही. एवढी तरी माझी अट.

ती : कबूल. आणि माझीही एक अट. दलालाला तुम्ही भेटा, सातबारा तुम्ही तपासा, पूररेषा तुम्ही मोजा. पण घर ठरायच्या आधी शेजारच्या बाईला मी एकटी भेटणार. २२ जुलैला ती कुठे होती, एवढंच विचारेन.